ज्यांची शुश्रूषा, त्यांचेही मत : स्मृतिभ्रंश आणि सेवाविषयक संशोधन

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहे की, तीमुळे एखाद्या वृद्धावर अन्याय होत असेल, याची जाणीवही बोलणाऱ्याला होत नाही. वय झालेल्या माणसाचे विसरणे, तेच तेच बोलणे, भलत्या वेळी घराबाहेर पडणे या सर्वांची संभावना 'म्हातारचळ' या एका शब्दात केली जाते आणि त्यानंतर त्या व्यक्तीला कोणी काही विचारीत नाही. तिने काय खावे, कोठे राहावे, कोणाकडून औषधोपचार घ्यावा, हे सारे इतर लोक ठरवितात. घरात जे घडते तेच संशोधनाच्या क्षेत्रातही दीर्घकाळ घडत आले. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींसाठी चालविल्या जाणाऱ्या सेवा कशा आहेत, याची पाहणी करताना संशोधकांनी मुलांना विचारले, सुनांना विचारले, परिचारिकांना व डॉक्टरांना विचारले. ज्यांच्यासाठी त्या सेवा होत्या त्यांना मात्र विचारले नाही. गेल्या सुमारे तीन दशकांत या पद्धतीत बदल होऊ लागला आहे. तो का झाला, कसा झाला आणि त्यातून आपल्याकडे काय घेण्यासारखे आहे, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

या प्रश्नाचा व्याप लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ५.५ कोटींहून अधिक लोकांना डिमेन्शिया म्हणजेच स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. भारतापुरते बोलावयाचे तर, देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती या विकाराने ग्रस्त आहेत. आयुर्मान वाढत आहे, त्याबरोबर ही संख्याही वाढणार आहे. त्यांच्यासाठी दवाखाने, दिवसा सांभाळ करणारी केंद्रे, निवासी संस्था आणि घरपोच साहाय्य अशा सेवा उभ्या कराव्या लागतील. त्या कशा असाव्यात, हे केवळ इतरांच्या सांगण्यावरून ठरवावयाचे काय, हा येथील कळीचा प्रश्न आहे.

स्मृती जाते म्हणजे काय जाते?

स्मृतिभ्रंश हा एकच एक रोग नव्हे. मेंदूच्या निरनिराळ्या विकारांमुळे स्मरण, आकलन, भाषा, दिशा-काळाचे भान आणि नित्याची कामे करण्याची क्षमता यांचा क्रमाक्रमाने ऱ्हास होतो. त्या अवस्थेला हे नाव आहे. अल्झायमरचा विकार हे त्याचे सर्वांत मोठे कारण असून साठ ते सत्तर टक्के रुग्णांमध्ये त्याचा वाटा असतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील दोष हे दुसरे महत्त्वाचे कारण होय.

येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, या सर्व क्षमता एकाच दिवशी आणि एकाच प्रमाणात जात नाहीत. सामान्यतः अलीकडच्या घटनांचे स्मरण प्रथम दुबळे होते. सकाळी कोण येऊन गेले, हे जिला आठवत नाही, तिला तीस वर्षांपूर्वीच्या लग्नातील मानपान तपशीलवार आठवत असते. शब्द सापडत नाही, पण नापसंती चेहऱ्यावर उमटते. नाव आठवत नाही, पण कोणता हात प्रेमाने भरवितो आणि कोणता घाईने, हे कळत असते. पैशाचा गुंतागुंतीचा व्यवहार ज्याला समजत नाही, त्याला दुपारी कोणाच्या शेजारी बसावेसे वाटते हे निश्चितपणे सांगता येते. सारांश, निर्णयक्षमता ही संपूर्ण असते किंवा मुळीच नसते, अशी वस्तू नाही. ती निर्णयागणिक, किंबहुना दिवसाच्या वेळेगणिकही, बदलू शकते. ही गोष्ट मान्य केली की, 'त्यांना विचारून काय उपयोग?' या प्रश्नातील जोर बराच कमी होतो.

संरक्षणातून आलेले वगळणे

या व्यक्तींना संशोधनातून वगळण्यामागे केवळ अनास्था होती, असे म्हणणे योग्य होणार नाही. दुसऱ्या महायुद्धात माणसांवर झालेल्या अमानुष प्रयोगांनंतर १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे जी संहिता मांडण्यात आली, तिने सहभागी होणाऱ्याची स्वेच्छेने दिलेली संमती ही अपरिहार्य अट ठरविली. १९६४ साली जागतिक वैद्यकीय संघटनेने हेलसिंकी येथे केलेल्या घोषणेने त्या विचाराला अधिक व्यवस्थित रूप दिले. दुर्बलांचा गैरवापर होऊ नये, हा त्यामागील हेतू सर्वथा योग्य होता. तथापि त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. ज्यांच्या संमतीविषयी शंका घेता येईल त्यांना मुळात विचारूच नये, हाच सोपा मार्ग म्हणून रूढ झाला. औषधाचा प्रयोग आणि 'येथील जेवण तुम्हांला आवडते काय?' हा प्रश्न यांतील धोक्याचे अंतर जमीन-अस्मानाचे आहे. पण दोहोंना एकाच मापाने मोजण्यात आले. अशा रीतीने ज्या कुंपणाने संरक्षण द्यावयाचे, त्यानेच या लोकांचा आवाज अडविला.

या विचाराला पहिला मोठा धक्का इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी दिला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती ही प्रथम व्यक्ती आहे, रुग्ण नंतर. तिची अवस्था केवळ मेंदूतील बिघाडावर अवलंबून नसते. भोवतालची माणसे तिच्याशी कशी वागतात यावरही ती अवलंबून असते. तिच्या देखत तिच्याविषयी तृतीय पुरुषी बोलणे, तिच्या हातातील काम काढून घेणे, तिला लहान मुलासारखे वागविणे या नित्याच्या वागणुकीनेही तिचे व्यक्तित्व झिजते, असे त्यांनी दाखवून दिले.

दुसरा धक्का स्वतः या व्यक्तींनीच दिला. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय शासनात उच्च पदावर काम केलेल्या क्रिस्टीन ब्रायडन यांना १९९५ साली, वयाच्या ४६ व्या वर्षी, स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. १९९८ साली त्यांनी आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि २००३ साली त्या अल्झायमरविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेच्या संचालक मंडळावर निवडून आल्या. निदान झालेली व्यक्ती त्या मंडळावर येण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. दरम्यान २००२ साली स्कॉटलंडमध्ये जेम्स मॅकिलॉप आणि त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने केवळ स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींचा एक कार्यगट स्थापन झाला. शासनाच्या धोरणासंबंधी, सेवांसंबंधी आणि संशोधनासंबंधी आपले म्हणणे मांडणे हे त्याचे काम. २०१४ साली अशाच व्यक्तींनी मिळून एक जागतिक संघटनाही उभारली. 'आमच्याविषयी जे ठरवाल ते आम्हांला वगळून नको' हे अपंगांच्या चळवळीतील सूत्र या लोकांनीही आपले मानले.

दुसऱ्याने दिलेले उत्तर

घरचे लोक या व्यक्तींना सर्वांत जवळून ओळखतात. मग त्यांनी दिलेले उत्तर पुरेसे का मानू नये, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर प्रत्यक्ष मोजमापातून मिळाले आहे.

अमेरिकेत १९९० च्या दशकात रिबेका लॉग्सडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमर झालेल्या व्यक्तींच्या जीवनमानाचे मोजमाप करण्यासाठी १३ बाबींची एक प्रश्नावली तयार केली. प्रकृती, उत्साह, मनःस्थिती, राहण्याची जागा, कुटुंब, मित्र, पैसा, आवडीच्या गोष्टी करण्याची संधी अशा बाबी तीत आहेत आणि प्रत्येकीला वाईट, बरी, चांगली व उत्तम यांपैकी एक उत्तर द्यावयाचे असते. तेच प्रश्न व्यक्तीला आणि सांभाळ करणाऱ्यालाही विचारले जातात. यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली अशी की, स्मरण व आकलनाच्या ३० गुणांच्या प्रचलित चाचणीत अवघे १० गुण मिळविणाऱ्या व्यक्तीही या प्रश्नांना विश्वसनीय उत्तरे देऊ शकतात. ब्रिटनमधील पुढील अभ्यासांत तर त्याहून कमी गुण असलेल्या पुष्कळांनी ती दिली. दुसरी अशी की, दोन्ही उत्तरे सहसा जुळत नाहीत. सांभाळ करणारी माणसे त्या व्यक्तीचे जीवनमान, ती स्वतः सांगते त्यापेक्षा, सामान्यतः कमी दर्जाचे सांगतात. सांभाळ करणारा जितका थकलेला आणि खचलेला, तितके त्याचे उत्तर अधिक निराशाजनक, असेही आढळून आले आहे.

याचा अर्थ नातेवाईक खोटे बोलतात असा मुळीच नव्हे. ते आपल्या जागेवरून जे दिसते ते सांगतात. रात्रीचे जागरण, औषधांचा खर्च, नोकरीतील रजा या सर्वांचा भार त्यांच्या नजरेत उतरतो आणि तोही खरा आहे. पण एखादे केंद्र चांगले की वाईट, हे ठरविताना दोन्ही जागांवरून दिसणारे दृश्य आवश्यक असते. समजा, दिवसा सांभाळ करणाऱ्या एखाद्या केंद्राची पाहणी होत आहे. मुलगा सांगेल, केंद्र वेळेवर उघडते, आईला सुरक्षित ठेवतात, मला कामावर जाता येते. आई सांगेल, जेवण गरम असते, पण घरी केव्हा जावयाचे हे कोणी सांगत नाही, म्हणून दुपारभर जीव लागत नाही. पहिल्या उत्तरावरून केंद्राला पूर्ण गुण मिळतील. दुसऱ्या उत्तरावरून भिंतीवर एक मोठे घड्याळ लावणे आणि तासातासाला दोन शब्द बोलणे, एवढ्यानेच सेवा किती सुधारेल हे कळेल. ही माहिती आईखेरीज दुसऱ्या कोणाजवळही नसते.

गोव्यातील अनुभव

या संदर्भात आपल्या शेजारच्या गोव्यात झालेल्या कार्याचा उल्लेख आवर्जून करावा लागेल. १९९८ साली कोची येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत १०/६६ या नावाचा संशोधकांचा एक गट स्थापन झाला. जगातील स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींपैकी सुमारे ६६ टक्के विकसनशील देशांत राहतात, पण लोकसंख्येवर आधारित संशोधनापैकी १० टक्क्यांहूनही कमी त्यांच्याविषयी होते, ही विसंगती या नावातच नोंदविली आहे. विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांच्या परिचयाची होती. परंतु तो वैद्यकीय उपचाराचा विषय आहे असे त्यांना वाटत नव्हते. तो वार्धक्याचा स्वाभाविक भाग किंवा मुलांनी केलेल्या हेळसांडीचा परिणाम समजला जाई. साहजिकच असे रुग्ण प्राथमिक आरोग्य सेवेतील डॉक्टरांसमोर क्वचितच येत. गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांना मात्र ते ठाऊक असत.

पुढे अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील ८१ कुटुंबांसमवेत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. स्थानिक पातळीवर प्रशिक्षण दिलेल्या गृहसेवा सल्लागारांनी घरोघरी जाऊन कुटुंबांना माहिती, धीर आणि व्यावहारिक मार्गदर्शन दिले. सहा महिन्यांनंतर सांभाळ करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे व त्यांचा मनस्ताप कमी झाल्याचे दिसून आले. महागडी साधने नसतानाही उपयुक्त सेवा उभारता येते, हे या प्रयोगाने सिद्ध केले. त्याचा मुख्य रोख सांभाळ करणाऱ्यांना आधार देण्याचा असल्यामुळे त्यातील मोजमापही प्रामुख्याने त्यांच्याच सांगण्यावर आधारलेले होते. तो रोख त्या काळी उचितच होता. आता त्यापुढची पायरी म्हणजे, ज्या घरांत सल्लागार गेले त्या घरांतील वृद्धांना त्या भेटींविषयी काय वाटले, हेही विचारणे होय.

संमती ही एकदाच घ्यावयाची सही नव्हे

या व्यक्तींना विचारावयाचे तर संमतीचा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो. इंग्लंड व वेल्समध्ये यासाठी २००५ चा निर्णयक्षमता कायदा आहे. प्रत्येक प्रौढ व्यक्तीला निर्णयक्षमता आहे असे गृहीत धरावे. नाही असे म्हणणाऱ्याने ते दाखवून द्यावे. आणि तत्पूर्वी तिला निर्णय घेता यावा म्हणून शक्य ते सर्व साहाय्य द्यावे, ही त्यातील मूलभूत तत्त्वे होत. क्षमता नसल्याचे ठरले तरी संशोधनाचा मार्ग बंद होत नाही. व्यक्तीला जवळून ओळखणाऱ्या आणि मोबदला न घेता तिची काळजी वाहणाऱ्या माणसाचा सल्ला घेतला जातो. त्याला विचारावयाचे असते ते 'तुमची हरकत आहे काय?' असे नव्हे, तर 'यांना आज सांगता आले असते तर त्यांनी काय सांगितले असते?' असे. एवढे करूनही त्या व्यक्तीने शब्दाने वा खुणेने अनिच्छा दाखविल्यास तिला तत्काळ मोकळे करावे लागते.

शुश्रूषाशास्त्राच्या संशोधक जॅन ड्यूइंग यांनी २००७ साली या विचाराला पद्धतीचे रूप दिले. त्यांच्या मते संमती ही घटना नसून प्रक्रिया आहे. प्रथम व्यक्तीची पूर्वपीठिका व तिची होकार-नकार दर्शविण्याची तऱ्हा जाणून घ्यावी. मग प्रारंभिक संमती घ्यावी. प्रत्येक भेटीत आणि भेट चालू असतानाही ती टिकून आहे काय हे पाहावे. आणि शेवटी, तिच्या मनावर ताण आल्यास तिच्या निकटवर्तीयांना त्याची कल्पना द्यावी. काल दिलेला होकार आज विसरला गेला असेल, तर आज पुन्हा विचारावयाचे, इतके हे सरळ आहे.

भारतातील कायदाही या बाबतीत मागे नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. मानसिक आजाराच्या त्यातील व्याख्येत स्मृतीचा गंभीर विकारही येतो. व्यक्तीने आपला निर्णय बोलून, हावभावाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही मार्गाने कळविला तरी तो ग्राह्य धरावा, असे हा कायदा सांगतो. आणि निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून क्षमता नाही, असे ठरविता येत नाही. संशोधनासाठी मुलाखत घ्यावयाची असली तरी मोकळी व माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे. ज्यांना अशी संमती देता येत नाही, पण जे विरोधही करीत नाहीत, त्यांच्यावर उपचारात्मक स्वरूपाचे प्रयोग करावयाचे असल्यास राज्य प्राधिकरणाची परवानगी, नामनिर्देशित प्रतिनिधीची संमती आणि अन्य कठोर अटी घालण्यात आल्या आहेत. दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही, समजेल अशा माध्यमातून घेतलेल्या संमतीखेरीज आणि विशेष समितीच्या पूर्वपरवानगीखेरीज दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करता येणार नाही, अशी तरतूद असून त्या समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांच्या नोंदणीकृत संघटनांचे असले पाहिजेत.

प्रश्न कसे विचारावेत?

संमती मिळाली तरी नेहमीच्या पाहणीची पद्धत येथे चालत नाही. हातात कागद घेऊन चाळीस प्रश्न एकामागून एक विचारणाऱ्याला थोड्याच वेळात थकलेला चेहरा पाहावा लागतो. या क्षेत्रातील अनुभवावरून काही गोष्टी सर्वमान्य झाल्या आहेत.

वेळ व्यक्तीच्या सोयीची असावी. अनेकांना सकाळी बरे वाटते आणि सायंकाळी गोंधळ वाढतो. जागा परिचयाची व शांत असावी. दूरदर्शन संच बंद असावा. पहिल्या भेटीत प्रश्न विचारण्याची घाई न करता ओळख करून घ्यावी. एका वेळी एकच, लहान वाक्यात प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. 'गेल्या महिन्यात किती वेळा' अशा स्मरणावर भार टाकणाऱ्या प्रश्नांऐवजी 'येथे बसायला बरे वाटते का?' असे समोरच्या अनुभवाचे प्रश्न विचारावेत. तारीख किंवा नाव चुकले तर ते दुरुस्त करू नये. ही स्मरणशक्तीची परीक्षा नव्हे. चष्मा व कानाचे यंत्र जागेवर आहे ना, हे आधी पाहावे, कारण पुष्कळदा न समजण्याचे खरे कारण तेच असते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने आणखी काही गोष्टी जोडाव्या लागतील. प्रश्न ज्या बोलीत घर चालते त्या बोलीत असावा. मालवणी, अहिराणी वा वऱ्हाडी बोलणाऱ्या आजींना पुस्तकी मराठीत विचारलेला प्रश्न समजला नाही, तर तो दोष स्मृतीचा नव्हे. घरात पाहुणा आला की शेजारीही येऊन बसतात आणि आजोबांच्या आधी सून किंवा नातू उत्तर देतो. ते प्रेमापोटीच घडते. तरीही घरच्यांशी स्वतंत्रपणे बोलण्याची वेळ आधी ठरवून, वृद्धांशी बोलताना त्यांना थोडा अवकाश देण्याची विनंती करावी. व्यक्तीला कोणी जवळ असावे असे वाटत असेल तर मात्र तिची इच्छा प्रमाण मानावी. अंगठा उठवून घेणे हा संमतीचा पुरावा होऊ शकत नाही. जे सांगितले ते त्यांनी आपल्या शब्दांत परत सांगितले, तरच ते समजले असे मानता येईल. ज्यांना निदानाचे नाव घरच्यांनी सांगितलेले नाही त्यांच्यासमोर संशोधकाने ते अचानक उच्चारू नये. त्यांनी स्वतः वापरलेलाच शब्द, मग तो 'विसराळूपणा' असेना का, वापरावा.

शब्द अपुरे पडू लागले की इतर साधने उपयोगी पडतात. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात विकसित झालेल्या एका पद्धतीत समोर एक लहान चटई मांडतात. तिच्या वरच्या कडेला आवडते, सांगता येत नाही, आवडत नाही अशा अर्थाची तीन चित्रे असतात. जेवण, अंघोळ, फिरणे, पाहुणे अशा विषयांची चित्रे एकेक करून हाती दिली जातात आणि व्यक्ती ती आपल्या मनाप्रमाणे मांडते. शेवटी सारी चटई दाखवून 'हे असेच ना?' असे विचारून खात्री केली जाते. साहित्य साधे असल्याने आपल्याकडील चूल, तुळशीवृंदावन, भजन, पत्ते यांची चित्रे घेऊन ती पद्धत सहज वापरता येईल.

ज्यांचे बोलणे पूर्णपणे थांबले आहे, त्यांच्या बाबतीतही मार्ग आहे. किटवुड यांच्या ब्रॅडफर्ड येथील गटाने निरीक्षणाची एक शिस्तबद्ध पद्धत तयार केली. प्रशिक्षित निरीक्षक संस्थेच्या सामायिक दालनात काही तास बसतो आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक व्यक्ती काय करीत आहे व तिची मनःस्थिती कशी दिसते याची नोंद घेतो. कोणाशी दिवसभरात कोणीच बोलले नाही, भरविताना कोणाचा चेहरा उजळला, कोणी पाठ फिरविली, हे या नोंदींतून दिसते. बोलता न येणाऱ्याचेही मत असते. ते वाचण्यासाठी केवळ अधिक वेळ द्यावा लागतो.

उत्तर देण्यापासून प्रश्न ठरविण्यापर्यंत

सहभागाची याहून वरची पायरी म्हणजे कोणता प्रश्न विचारावयाचा, हे ठरविण्यात वाटा मिळणे. स्कॉटलंडमधील उपर्युक्त कार्यगटाने २०१४ साली संशोधकांसाठी काही मूलतत्त्वे जाहीर केली. आपला सहभाग संशोधनाच्या सर्व टप्प्यांवर असावा. आपल्या अनुभवाला ज्ञान म्हणून मान्यता मिळावी. शारीरिक व भावनिक सुरक्षितता जपली जावी. कागदपत्रे, जागा आणि प्रवास हे सारे झेपेल असे असावे. संशोधकांनाही प्रशिक्षण मिळावे. आणि आपल्या वेळेच्या गतीचा विचार व्हावा, असा त्यांचा आशय आहे. यांतील शेवटचा मुद्दा विशेष विचार करण्यासारखा आहे. दोन वर्षांनी येणाऱ्या अहवालापर्यंत सांगणाऱ्याची स्मृती, कदाचित तो स्वतःही, उरलेला नसतो. म्हणून हाती आलेले निष्कर्ष लवकर, थोडक्यात आणि समजेल अशा रूपात त्याला परत सांगणे हे संशोधकाचे कर्तव्य ठरते.

या मार्गातील अडचणीही नमूद केल्या पाहिजेत. बैठकांना येऊ शकणारे लोक बहुधा आजाराच्या आरंभीच्या टप्प्यातील, शिकलेले आणि बोलके असतात. त्यांचे म्हणणे सर्वांचे म्हणणे समजणे धोक्याचे आहे. वेळ आणि मनुष्यबळ अधिक लागते. निदानच झालेले नाही अशी माणसे अशा संशोधनाच्या कक्षेबाहेर राहतात आणि आपल्याकडे त्यांची संख्या मोठी आहे. केवळ शोभेसाठी एखाद्या वृद्धाला समितीत बसविणे हा तर त्याच्या सन्मानाचा आभासच होय. या अडचणींमुळे पद्धत अधिक काळजीपूर्वक आखावी लागेल. पण एवढ्यासाठी विचारणेच सोडून देणे हा त्यावरील उपाय नव्हे.

आपल्याकडील पुढील पाऊल

महाराष्ट्रात या विषयाची जाण नवी नाही. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी २०१३ साली तयार केलेल्या 'अस्तु' या मराठी चित्रपटाने अल्झायमर झालेल्या एका संस्कृत पंडिताच्या निमित्ताने हा विकार हजारो प्रेक्षकांपर्यंत पोचविला. वृद्धाश्रम, रुग्णालये आणि स्वयंसेवी संस्था यांच्यामार्फत या व्यक्तींसाठी निरनिराळ्या सेवाही चालविल्या जात आहेत. या सेवांचे मूल्यमापन करताना वर वर्णिलेल्या पद्धतींचा अवलंब करणे अवघड नाही. समाजकार्य महाविद्यालयांतील व परिचर्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत त्यांचा समावेश करता येईल. गावातील घरे आणि माणसे ओळखणाऱ्या आशा स्वयंसेविका आणि आरोग्यसेविका यांना थोडे प्रशिक्षण दिल्यास घरातील वृद्धांचे म्हणणे नोंदविण्याचे काम त्या उत्तम रीतीने करू शकतील. संशोधन संस्थांच्या नीतिसमित्यांनी 'या व्यक्तींचा सहभाग का घेतला?' याबरोबरच 'का घेतला नाही?' असाही प्रश्न प्रत्येक प्रस्तावाला विचारावा. वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापकांना तर कोणत्याही प्रकल्पाची वाट पाहण्याचे कारण नाही. चित्रांचा एक संच आणि आठवड्यातील एक निवांत सकाळ एवढ्यावर त्यांना प्रारंभ करता येईल.

सेवा उभारण्यासाठी निधी लागतो, इमारती लागतात, प्रशिक्षित माणसे लागतात आणि या सर्व गोष्टी मर्यादित आहेत. म्हणूनच त्या योग्य ठिकाणी खर्च होत आहेत की नाही, हे पडताळून पाहणे अधिक आवश्यक ठरते. त्या पडताळणीत कुटुंबाचा शब्द हवा, डॉक्टरांचा हवा, कर्मचाऱ्यांचाही हवा. आणि त्यांच्याबरोबर, जिच्यासाठी हे सारे चालले आहे त्या व्यक्तीचाही हवा. तिचे उत्तर अर्धे असेल, उशिरा येईल, कधी ते केवळ मान फिरविण्यात असेल. तरीही पाहणीच्या तक्त्यात तिच्या नावापुढचा रकाना यापुढे रिकामा राहू नये.